धारपकाकांची ओझ्याची सायकल

धारपकाका समोरून येताना दिसले की आमच्या बिल्डिंगमधली माणसं हातातली पिशवी पाठीमागे नेतात. कारण काका "कसे आहात" असं विचारत नाहीत. ते सरळ तुमची पिशवी काढून घेतात, हातात एकदा खालीवर करतात आणि निकाल देतात, "साडेसहा किलो. ह्याला माणूस कशाला लागतो?" पिशवी परत देताना चेहरा इतका पडलेला, की आपणच काहीतरी दुष्टपणा केला असं वाटावं. तळमजल्यावरच्या जोशींची नात बारशाला त्यांच्या हातात दिली, तर तिलाही त्यांनी आधी तोललं. म्हणाले, "हिचा काही प्रश्न नाही. कॅरियरवर सहज जाईल." जोशीवहिनींनी बाळ परत घेतलं ते पुन्हा दिलं नाही.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मी तिथेच अकाउंट्सला आहे आणि बदलापूरला त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे त्यांच्यापासून सुटका नाही. निवृत्त झाल्यावर लोक यात्रेला जातात, भजनी मंडळात जातात. काकांनी पार्किंगमध्ये एक जुनी काळी सायकल उलटी टांगली आणि जाहीर केलं की तिला मोटर बसवणार. फिरायला नाही, ओझं वाहायला. गहू, पाण्याचे कॅन, सिलिंडर, जे माणूस हाताने वाहतो ते सगळं.

"अहो, टेम्पो असतो की," मी म्हटलं.

"दोन पोती दळणाला टेम्पो बोलावतोस का तू? नाही. मग कोण वाहतं?"

आमच्याकडे दळण ऑनलाइन येतं, हे सांगायची ती वेळ नव्हती.

मोटर, कंट्रोलर वगैरे सामान उल्हासनगरला टेकूभाईंच्या दुकानात मिळायचं. रविवारी काका मला बरोबर न्यायचे. मोटर मागच्या चाकात बसवायची की पॅडलपाशी, ओझं पुढे पेटीत घ्यायचं की मागे लांब पाटीवर, यावर काका आणि टेकूभाई तासन्‌तास वाद घालत. मी स्टुलावर बसून चहा पीत राही. टेकूभाई फार सोशीक माणूस. पण एकदा काकांनी चौथ्यांदा मोटर बदलून मागितली तेव्हा तेही म्हणाले, "साईं, मोटर तो मैं बदल के देगा. लेकिन चढाव मेरे पास नहीं है."

चढ हा काकांचा वैरी. गाडी कुठेही अडली तरी त्यांचं एकच वाक्य, "गाडी वाईट नाही, चढ वाईट आहे."

पहिल्या सायकलला पुढे भली मोठी लाकडी पेटी होती. ती सोसायटीच्या गेटातून बाहेर पडायची, पण रस्त्यावर वळायची नाही. वळण घ्यायला समोरच्या बिल्डिंगच्या आवारात जाऊन यावं लागे, आणि तिथल्या वॉचमनने दोन दिवसांत गेट बंद ठेवायला सुरुवात केली. दुसरी सायकल तीन चाकांची. तिच्यावर आमच्या इस्त्रीवाल्याने भाबडेपणाने अख्ख्या बिल्डिंगच्या कपड्यांचं गाठोडं ठेवलं. पहिल्याच वळणावर एक चाक हवेत गेलं आणि आमचे सगळ्यांचे पांढरे शर्ट गटारात. दुसऱ्या दिवशी जोशी ऑफिसला मुलाचा टी-शर्ट घालून गेले. काका इस्त्रीवाल्याला समजावत होते, "तीन चाकं वाईट नाहीत रे, वळण वाईट होतं."

तिसरी मात्र जमली. अंबरनाथच्या एका वेल्डरकडून त्यांनी सायकलचा सांगाडा मागच्या बाजूला लांबवून घेतला. ओझ्याने सायकलच्या तारा तुटतात म्हणून मागे जाड तारांचं मोपेडचं चाक, मोटर त्याच चाकात, वर माणूस आडवा मावेल एवढी पाटी. ब्रेकही डिस्कचे. चाचणीला वजन हवं होतं. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तू बस."

रेल्वेवरच्या पुलाच्या अर्ध्या चढावर सायकल थांबली. मागे रिक्षांची रांग लागली. एक रिक्षावाला ओरडला, "ओ काका, त्याला उतरवा ना, पाय आहेत त्याला." मी उतरलो, ढकललं, वर पोहोचलो. काका घामाने निथळत म्हणाले, "बघितलंस? चढली."

पण जमलेली सायकल कुणाला नकोच होती. पाण्याच्या कॅनवाला म्हणाला, माझी स्कूटर आहे. किराणावाला म्हणाला, पोरं ऐकणार नाहीत काका, त्यांना बाइकच पाहिजे. चिखलोलीच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये काका सायकल घेऊन दाखवायला गेले, तर तिथल्या सुरक्षारक्षकाने त्यांना भंगारवाला समजून मागच्या गेटने यायला सांगितलं. त्यात सोसायटीची मीटिंग झाली आणि पार्किंगमध्ये बॅटरी चार्ज करायला बंदी आली. आग लागेल म्हणून. काका बॅटरी सोडवून उचलायला लागले. लिफ्ट नेमकी बंद. मी दुसरी बाजू धरली.

चार मजले चढून आम्ही त्यांच्या घरात आलो. धारपकाकूंना पाठीचा त्रास आहे हे मला माहीत होतं. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज नेहमी यायचा, चांगला खणखणीत. त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं, तेव्हा समजलं की त्या आता पलंगावरून उठतच नाहीत. बसलं की कळ जाते. खिडकीतून त्यांना समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसत होती आणि एक एसीचा डबा.

"ह्यांना किती सांगितलं, सोडा तो नाद," त्या हसत म्हणाल्या. "कारखान्यात ह्यांच्या कायम पाळ्या. तेव्हा लिफ्ट नव्हती. दळण, सिलिंडर, टँकर आला की पाणी, सगळं मीच वर आणायची. डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत. म्हटलं, झिजणारच, वापरलेत ना."

दारात काका उभे होते, हातात चार्जरची वायर.

"आता काय उपयोग त्या सायकलचा?" काकू म्हणाल्या. "मला कुठे गहू आणायला जायचंय?"

काका बाहेर गेले. मी निघालो तेव्हा ते जिन्यात बसले होते. म्हणाले, "उशीर केला शिरीष. हे मला नोकरीत असताना सुचायला हवं होतं." मीही पायरीवर बसलो.

पुढे बरेच दिवस सायकल धूळ खात पडली. काकांनी लोकांच्या पिशव्या उचलायचंही सोडलं. जोशीवहिनी एकदा आपणहून त्यांच्या समोर पिशवी घेऊन उभ्या राहिल्या, तर ते बाजूने निघून गेले. आम्हाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. "सुट्टी आहे ना? जरा हात लाव."

खाली पाटीवर प्लायवूड होतं, त्याखाली रिक्षाच्या सीटच्या स्प्रिंगा, वर गादी, कडेला पट्टे. टायरमधली हवा कमी केलेली. काकूंना आम्ही चादरीच्या झोळीतून लिफ्टने खाली आणलं आणि गादीवर आडवं केलं. ऊन होतं म्हणून काकांनी त्यांच्यावर पांढरी चादर घातली, तोंडावर पातळ ओढणी. सायकल माणसाच्या चालीने निघाली. मी बाजूने चालत होतो.

"कुठे?" मी विचारलं.

"नदीवर."

बदलापूर गावात शिरलो आणि घोळ लक्षात आला. एक म्हातारा पारावरून उठून उभा राहिला, टोपी काढली, हात जोडले. दुकानदाराने रेडिओ बंद केला. एका रिक्षावाल्याने रिक्षा कडेला घेतली आणि खाली उतरून मान झुकवली. काकांचं लक्ष फक्त खड्ड्यांवर होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात चादरीखालून दोन हात वर आले आणि काकूंनी रिक्षावाल्याला उलट नमस्कार केला. तो बिचारा किंचाळून रिक्षात जाऊन बसला. काकू ओढणीखाली हसत होत्या. हसताना पाठ दुखत होती, तरी हसत होत्या.

नदीकाठी झाडाखाली काकांनी स्टँड लावला, ओढणी काढली. काकू पाण्याकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दुखतंय हो. पुन्हा नाही जमायचं मला."

"बरं," काका म्हणाले.

"पण आत्ता नका हलवू. राहू दे इथे थोडा वेळ."

"बरं."

मग काका आमच्याकडे पाठ करून मागच्या चाकाशी खाली बसले आणि एकेक तार बोटाने दाबून बघायला लागले. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.