नोव्हेंबरातला मे महिना

ओलेगारिओ बेंतान्कोर लोकांच्या बागा आखून द्यायचा. आखून, म्हणजे कागदावर. घरच्या मातीत हात घालायचं काम बायकोचं, नेलिदाचं, आणि ती ते मुकाट्याने करायची (मुकाट्याने म्हणजे, नवऱ्याला बोलत बोलत). ओलेगारिओला स्फूर्ती मात्र उदंड यायची. एकदा जपानी बागांचे फोटो पाहिले आणि हिरवळीवर ट्रकभर खडी ओतली. ती वेचण्यात नेलिदाचा अख्खा हिवाळा गेला.

शनिवारी लेकीचा, हिमेनाचा, पंधरावा वाढदिवस होता. उरुग्वायमधल्या साल्तो गावात मुलीचा पंधरावा म्हणजे अर्धं लग्नच. बापाबरोबर पहिला नाच, तीन मजली केक आणि सगळ्यात मुख्य, आईने वाढवलेल्या गुलाबाच्या कमानीखाली फोटो. मावशीने शिवलेला झगा आणायला मायलेकी गुरुवारी सकाळी पायसांदूला निघाल्या, तेव्हा नेलिदा एवढंच म्हणाली, “बागेला हात लावू नकोस.”

म्हणजे बिघडवू नकोस, असा अर्थ ओलेगारिओने काढला. सुधारायला कोण नको म्हणेल?

नुकतंच त्याने बागकामाचं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. कुठल्या महिन्यात काय करायचं, सगळं फोटोंसकट. आता अशी पुस्तकं लिहिणार इंग्लंडची माणसं. तिकडे उन्हाळा तेव्हा इकडे थंडी. कच्चे गडी इथेच फसतात. ओलेगारिओ कसला फसतोय! तो कुठल्याही पुस्तकात सहा महिने मिळवूनच वाचायचा. नोव्हेंबर चालू होता, म्हणून त्याने मे उघडला.

‘कमानीवरच्या वेली कमरेइतक्या छाटा. बागेला विसावा द्या. धीटपणे छाटणाऱ्यालाच बहर भरभरून मिळतो.’

ऐन बहरात छाटायचं? ओलेगारिओ जरा चपापला. पण ‘धीटपणे’ हा शब्द वाचल्यावर त्याला राहवेना. दुपारपर्यंत कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंची जाळी सफाचट झाली.

शेजारचा विल्मार येर्बाच्या कडू चहाने भरलेला भोपळ्याचा पेला घेऊन कुंपणाशी आला.

“काय रे, नेलिदाशी भांडलास?”

“का?”

“तिचा राग गुलाबांवर काढलेला दिसतोय.”

“तुला नाही कळायचं. मे महिन्याचं काम आहे हे.”

“मग मेमध्ये करायचं ना, बाबा!”

“इंग्लंडचा मे, विल्मार. म्हणजे आपला नोव्हेंबर.”

विल्मारने पुस्तक घेऊन चाळलं. “हे मोंतेविदेओत छापलंय. पहिल्याच पानावर आहे बघ. महिने आपल्याकडचे करून दिलेत.”

पहिलं पान ओलेगारिओ कधी वाचत नसे (त्यावर फोटो नसतो). तो पायरीवर मटकन बसला. नेलिदाचा राग त्याने सोसला असता, त्याची सवय होती. पण हिमेनाने झग्याचा रंगसुद्धा त्या गुलाबांवरून ठरवला होता. आपण पोरीचा दिवस घालवला, या विचाराने त्याला खरोखर रडू फुटलं.

तेवढ्यात नेलिदाचा फोन.

“बाग कशी आहे?”

“स्वच्छ! एकदम स्वच्छ.”

“आणि गुलाब?”

“ते... विसावा घेताहेत.”

“दुपारचे?”

“ऊन फार आहे ना.”

फोन ठेवून त्याने तारेचं भेंडोळं काढलं आणि छाटलेली एकेक फांदी पुन्हा कमानीला नि जाळीला बांधली. बोटं ओरबाडून निघाली, पण अंधार पडेपर्यंत बाग पहिल्यासारखी उभी राहिली. पहिल्यासारखी ती शुक्रवारी सकाळपर्यंत होती.

संध्याकाळी मायलेकी दारात आल्या तेव्हा यच्चयावत गुलाबांनी माना टाकल्या होत्या.

“हा विसावा?” नेलिदा म्हणाली. “ओलेगारिओ, काय केलंस तू?”

तिने एक फांदी हातात घेऊन जरा ओढली. ओलेगारिओने तार एकसलग गुंडाळली होती. धाडकन सगळी जाळी उघडी पडली, आणि गुलाबांचा ढीग तिच्या पायांशी येऊन पडला.

ओलेगारिओने डोळे मिटून घेतले.

“मम्मा,” हिमेनाचा आवाज आला, “नदी!”

जाळीपलीकडे उरुग्वाय नदी संथ वाहत होती आणि सूर्य तिच्यात उतरत होता. इतकी वर्षं ती गुलाबांमागे होती, आणि काल ओलेगारिओचं लक्ष फक्त फांद्यांवर होतं.

“फोटो इथेच काढायचा,” हिमेना म्हणाली. “पपा, तू हे माझ्यासाठी केलंस?”

ओलेगारिओने नेलिदाकडे पाहिलं. नेलिदाने बराच वेळ नदीकडे पाहिलं. मग म्हणाली, “हो म्हण, आणि झाडू आण.” त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतक्या आनंदाने त्याने जन्मात झाडलं नव्हतं.

शनिवारी फोटो झाले, नाच झाला आणि जो तो नदीसमोर उभा राहून वाहवा करू लागला. श्रीमंत सुलेमाबाई तर थेट ओलेगारिओपाशी आल्या. “माझ्याही बागेतून नदी दिसत नाही हो. सोमवारी याल?”

“अवश्य!” त्याची छाती फुगली. “नकाशे घेऊन येतो.”

“नकाशे नकोत,” सुलेमाबाई म्हणाल्या. “नेलिदाला घेऊन या. विल्मारने कुंपणावरून पाहिलं म्हणे, एका झटक्यात कसं मोकळं केलंन तिने! तुम्ही पाठोपाठ झाडायला असालच.”