पिंपातला आवाज

सुधाकर पेडणेकर पाच वर्षं दोन ऑगस्टला, पोर्तुगीज गेल्याच्या मुक्तिदिनाला, सतरंज्या घालत होता. सिल्वासाच्या एका कचेरीत तो आवक-जावक कारकून. आपल्याला गाता गळा आहे, अशी त्याची पक्की समजूत. पण कार्यक्रमातलं एकुलतं एक गाणं दरवर्षी प्रभाकर साळवी म्हणायचा, आणि सुधाकर त्या गाण्याच्या तालावर सतरंजीच्या सुरकुत्या काढायचा.

त्या वर्षी कार्यक्रम समितीच्या आबा राऊतांनी फर्मान काढलं, "वशिला बंद! ज्याला गायचंय त्यानं घरी कॅसेट भरून द्यावी. नाव नको, नुसता नंबर. सोमवारपर्यंत."

सुधाकरने शेजारच्या भावेशचा दमणहून आणलेला टेपरेकॉर्डर मागून घेतला. "अंकल, लाल बटन आणि बाजूवाला, दोन्ही साथे दाबजो," भावेशने सांगितलं.

शनिवारी पहिल्या खेपेला कॅसेटमध्ये गाण्यापेक्षा पंखाच जास्त भरला गेला. पंखा बंद केला तर कुकरची शिटी. कुकर उतरवला तर मागच्या दारी कामवाल्या पुतळाबाईची भांडी. दारं-खिडक्या लावून घेतली, तर असं काही उकडलं की दुसऱ्या कडव्यात सुधाकर 'हुश्श' म्हणाला.

"ते 'हुश्श' राहू द्या," बायको शैलजा म्हणाली. "तेवढंच सुरात आलंय. आणि गाणं झालं असेल तर पिंप घासा. उद्या सकाळी नळ येणार."

दादऱ्याच्या एका कारखान्यातून भंगारात मिळालेलं ते कमरेएवढं पत्र्याचं पिंप. सुधाकरने घासणी घेऊन आत डोकं घातलं आणि सवयीने गुणगुणला. गुणगुणला आणि थबकलाच. आतून जो आवाज परत आला तो त्याचा नव्हता. गाभाऱ्यात बसून कुणी मोठा बुवा गात होता.

पाच मिनिटांत पिंप आडवं झालं. तळाशी टेपरेकॉर्डर, तोंडाशी छातीपर्यंत सुधाकर, वरून दोन गोधड्या.

"बाई, धावा!" भांडी टाकून आलेली पुतळाबाई किंचाळली. "साहेब पिंपात तोंड घालून रडतंय!"

"हळू बोल. गातायत ते."

"मग त्यांना गोधडीखाली कशाला दाबलाय?"

मंगळवारी निकाल लागला. कॅसेट नंबर तीन! "काय तो घुमारा!" म्हणत आबांनी डोळे टिपले. तालमीला सुधाकर ताठ उभा राहिला, त्याने तोंड उघडलं, आणि आबांचं तोंड मिटलं.

"हा तो आवाजच नव्हे," प्रभाकर म्हणाला. "मुंबईच्या कुणा बुवाचं गाणं भरलंय यानं. सरकारी माणूस असून फसवणूक!"

"आईशप्पथ, माझाच आवाज आहे!"

"मग काढ की."

"इथे नाही निघत. घरी पिंपात निघतो."

गावातली दारूची दुकानं आणि तिथली गिऱ्हाइकं सगळ्यांना ठाऊक होती. आबा हळूच पुढे झाले आणि त्यांनी सुधाकरच्या तोंडाचा वास घेतला.

आता प्रश्न गाण्याचा राहिला नव्हता, अब्रूचा होता. दुपारी हातगाडीवरून पिंप कचेरीत आलं. सगळ्यांदेखत सुधाकर आत शिरला आणि गायला. दुसऱ्या कडव्याला शिपायानेसुद्धा चप्पल काढली.

"हाच तो!" आबा गहिवरले. नेमकं कोणाला म्हणाले, ते मात्र कळलं नाही. त्यांचा हात पिंपावर होता.

दोन ऑगस्टला मंचावर पिंप आडवं मांडलं होतं, त्याला झेंडूच्या माळा, आत माइक. लोकांना सुधाकर फक्त कमरेखाली दिसला, पण टाळ्या जोरात पडल्या. तो मागे सरकत बाहेर येईपर्यंत पाहुणे पिंपाला नमस्कार करून जागेवर बसलेसुद्धा होते.

तरी तो खूश होता. वर्षभर खूश होता.

पुढच्या जुलैत शिपाई चिठ्ठी घेऊन घरी आला. सुधाकरने ती घाईघाईने उघडली. आबांचंच अक्षर:

'कार्यक्रमासाठी आपले पिंप पाठवावे. गायन: श्री. प्रभाकर साळवी. सतरंज्या: नेहमीप्रमाणे आपण.'

सुधाकरने चिठ्ठी खिशात घातली. मग त्याने घासणी उचलली, मागच्या दारी गेला, पिंपात डोकं घातलं आणि छातीतला सगळा जीव काढून एक लांबलचक सूर लावला.

"अहो!" आतून शैलजा ओरडली. "सगळा संपवू नका. प्रभाकरभावजींना थोडा ठेवा!"