दहा नंबर, डावी बाजू

माझ्या हातून गफलत होत नाही. हे मी नाही, माझ्या सासूबाई म्हणतात! लेक झोपलीय तोवर पटकन सांगते.

माझा नवरा देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये गोलकीपर आहे. लीग वरची, संघ मात्र तळाचा. आमची लेक जन्मली त्या दिवशी याने चार गोल सोडले. "अरे, लक्ष कुठे होतं?" म्हणून प्रशिक्षक ओरडले, तर हा म्हणाला, "तीन किलो दोनशे ग्रॅम!"

एकोणतीस सामने झाले आणि उरला एक. बरोबरी झाली तर वाचलो, हरलो तर खालच्या लीगमध्ये. म्हणजे याचा करार संपला आणि आमचं बिऱ्हाड पुन्हा पाठीवर. तीन वर्षांत चार गावं झाली होती. या घरात मी पहिल्यांदाच मापं घेऊन पडदे शिवले होते हो!

आता माझं काम सांगते. समोरच्या संघातला कोण पेनल्टी कुठल्या बाजूला मारतो, याची यादी गोलकीपर पाण्याच्या बाटलीला चिकटवतात. नवऱ्याचं अक्षर म्हणजे चिखलातून धावलेली कोंबडी. म्हणून यादी मी लिहिते, पांढऱ्या चिकटपट्टीवर, आणि चिकटवतेही मीच. एकोणतीस सामने, एक चूक नाही!

त्या दिवशी दुपारी सामना सुरू झाला. सासूबाई टीव्हीसमोर, मी आतल्या खोलीत. ऐंशी मिनिटं झाली, एक-एक बरोबरी. लेकीने भुकेने घर डोक्यावर घेतलं. मागच्या वेळी कुठल्या बाजूला पाजलं ते माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून त्याचीही पट्टी मी कपाटावर लावते. किती वाजता, डावी की उजवी. बघायला गेले.

"१० – उजवी. धावता धावता थांबतो. ७ – डावी. शेवटच्या क्षणी नजर फिरवतो."

माझी लेक दोन महिन्यांची आहे. तिला अजून मान धरता येत नाही, ती धावणार कुठून?

मग बाटलीवर काय आहे?

लेकीला खांद्यावर टाकून मी बाहेर आले. "आई, माझ्या हातून गफलत झाली."

"दूध उतू गेलं?"

"बाटलीला बाळाची यादी चिकटवली!"

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा. "फोन लाव!"

नवऱ्याचा फोन कपडे बदलायच्या खोलीत. मी किटमामांना लावला. खेळाडूंचे बूट-मोजे सांभाळणारे हे मामा मैदानाच्या कडेलाच बसतात.

"वहिनी, मॅच चालू आहे!"

"मामा, बाटलीवरची पट्टी काढा!"

"बाटली गोलच्या जाळीपाशी आहे. मी आत गेलो तर रेफरी मलाच लाल कार्ड दाखवेल!"

"पण ती माझ्या दुधाची यादी आहे!"

"वहिनी, उन्हात बसलोय मी. पुन्हा सांगा."

तेवढ्यात सासूबाई किंचाळल्या. पेनल्टी! अठ्ठ्याऐंशीवं मिनिट, आणि चेंडू ठेवतोय कोण? दहा नंबर! हंगामात नऊ पेनल्ट्या, नऊही गोल, सगळ्या उजवीकडे. आणि सकाळी दहाला मी लेकीला पाजलं होतं डावीकडे!

पडद्यावर नवऱ्याने बाटली उचलली. वाचली. पुन्हा वाचली. मान हलवली.

"हलवू नकोस रे मान," सासूबाई टीव्हीला म्हणाल्या आणि उशीत तोंड खुपसलं. मी मनात पडदे काढून घड्या घालायला लागले.

दहा नंबर धावला. थांबला. आणि मेल्याने दहाव्या वेळी बाजू बदलली! चेंडू डावीकडे, नवराही डावीकडे, चेंडू त्याच्या गुडघ्यावर आपटून थेट जाहिरातीच्या फळीवर! पाच मिनिटांनी सामना संपला. आम्ही वाचलो. सासूबाई मला मिठी मारून रडल्या, मी लेकीला, आणि लेक निव्वळ भुकेने.

टीव्हीवर प्रशिक्षक सांगत होते, "नशीब नाही, हा अभ्यास आहे! सगळं त्या बाटलीवर लिहिलेलं होतं!"

नवरा घरी आला, तसा मी कबुलीजबाब दिला.

"माहितीये," तो म्हणाला. "दहाच्या खाली लिहिलं होतं, 'अर्धवट प्यायली, ढेकर बाकी.' आपल्याच लेकीचं दिसतंय म्हटलं."

"तरी डावीकडे गेलास? माझ्यावर एवढा विश्वास?"

तो लेकीच्या पावलांशी खेळत बसला.

"उजवीकडेच निघालो होतो गं. पाय घसरला. कुणाला सांगू नकोस हं."

आता मी कुणाला सांगणार? शिवाय प्रशिक्षकांचा निरोप आलाय, पुढच्या हंगामात सगळ्या याद्या वहिनींनीच बनवाव्यात. मी 'बघते' म्हटलंय.