मन्मथअप्पांचं व्होल्टेज

आमच्या शेजारच्या मन्मथअप्पांना सकाळी "शरणार्थ, अप्पा" म्हटलं की ते आधी मागे वळून दारावर ठोकलेल्या व्होल्टेजच्या मीटरकडे बघतात आणि म्हणतात, "एकशे ब्याण्णव." झाला नमस्कार. आकडा दोनशेच्या वर असला तर चहाही विचारतात. म्हणजे उन्हाळ्यात लातुरात त्यांच्याकडे चहा मिळणं अवघडच.

अप्पांचं कापडाचं दुकान होतं. ते पुतण्याकडे सोपवून आता ते घरीच असतात. बायको वारली, एकुलती एक लेक शैला पुण्याला. तेव्हा गल्लीत कुणाकडे नवीन फ्रिज उतरला की अप्पा न बोलावता हजर. "चालताना किती ओढतो ते सांगा. अन् सुरू होताना किती, ते येगळं सांगा." सुरू होताना फ्रिज कितीतरी पट जास्त वीज ओढतो, म्हणून स्टॅबिलायझर त्या बेतानं घ्यायचा, हे ते इतक्या ठासून सांगतात की नवा फ्रिज घेणाऱ्याला आपण हत्ती पाळलाय असं वाटायला लागतं.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला सगळ्यातलंच कळतं. आम्ही एसी घेतला तेव्हा अप्पांना विचारायचं नाही असं मी ठरवलं. दुकानदार म्हणाला, "दीड टनाला चार केव्हीएचा स्टॅबिलायझर." मी मान डोलावली, अगदी माझे विद्यार्थी माझ्यापुढे डोलावतात तशी. मग भिंतीच्या रंगाला शोभेल असा एक डबा निवडून मोठ्या रुबाबात घरी आणला.

पहिल्याच दुपारी टक्क झालं आणि एसी बंद. थोड्या वेळानं चालू, परत टक्क. बायको म्हणाली, "अगदी तुमच्यासारखाच आहे. गरज पडली की नेमका गायब."

शेवटी नाक मुठीत धरून अप्पांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं. "ताकद बराबर हाय, सर. पर एकशे सत्तरच्या खाली ह्यो कामच करत न्हाई. आपल्याकडं दुपारी दीडशेला उतरतंय. दुकानात कुणी इचारलं का तुमाला, तुमच्या घरी व्होल्टेज किती उतरतं म्हणून?"

विचारलं होतं. मी "नॉर्मल" असं उत्तर दिलं होतं.

आता अप्पा सगळ्या गल्लीत माझी शोभा करणार अशी मी तयारी ठेवली. पण ते खाली बसले. "मी बी हेच केलतो," म्हणाले. गेल्या उन्हाळ्यात शैला बाळाला घेऊन महिनाभर राहायला आली होती. अप्पांनी तिच्यासाठी वरच्या खोलीत एसी बसवला, स्टॅबिलायझर चांगला दणकट घेतला, आणि तो किती खालपर्यंत सांभाळतो तेवढं बघायचं राहून गेलं. दुपारभर एसी बंद. लेकराच्या अंगभर घामोळं उठलं आणि शैला आठवड्याच्या आतच परत गेली. "दिवाळीला येते म्हणली. न्हाई आली. ह्या बारीला काही बी करून महिनाभर ठिवून घ्यायचंय, सर."

मग आम्ही दोघांनी एकशे तीसपर्यंत टिकणारे स्टॅबिलायझर आणले. त्या खरेदीत माझा वाटा एवढाच की मी खोकी उचलली, आणि कंबर धरून आलो.

यंदा मे महिन्यात शैला आली. दोन-तीन दिवस अप्पा दिसले नाहीत म्हणून एका दुपारी डोकावलो. ओसरीवर पत्र्याखाली ते बनियनवर बसले होते, हातात घडी घातलेला पेपर, नजर मीटरवर. डोक्यावरचा पंखा बंद, कूलर बंद, घरातला फ्रिजसुद्धा बंद.

"अप्पा, हे काय?"

"हळू बोला. एकशे छत्तीस झालंय. अजून उतरलं तर वरचा एसी जातोय. लेकरू झोपलंय."

"मग तुम्हीही वर जाऊन बसा की गारव्यात."

"दार उघडलं की गार हवा जाती." मग पेपरनं वारा घ्यायचं थांबवून म्हणाले, "अन् त्याला माझी वळख कुठं हाय? मला बघितलं की रडतंय." आणि हसले. "पर घरात हाय न्हवं."

घरी आलो, तर आमचा एसी गल्लीच्या त्याच डीपीवर, त्याच तारेवर, मजेत घुमत होता. मी तो बंद केला. बायकोला सगळं सांगितलं. ती खिडक्या उघडू लागली. मला आपण थोर असल्यासारखं वाटलं. पण थोरपणा लवकरच ओसरला, मागे राहिला तो नुसता घाम.

तेवढ्यात भिंतीपलीकडून दबका, पण आनंदानं फुटलेला आवाज आला. "सर! ओ सर! एकशे अठ्ठेचाळीस! तुमच्याकडचं काही बंद पडलं का?"

"हो अप्पा. एसी बिघडला वाटतं आमचा."

"अरारा!" पलीकडे पेपर फडफडला. "मग तिथं कशाला उकडून घेताव? हिकडं या की. मी बी एकलाच बसलोय."

मी गेलो. अप्पांनी पेपरची घडी उलगडली, आतलं एक पान आवाज न करता वेगळं काढलं, त्याची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि सतरंजीवर जरा सरकून मला जागा केली.