बारा दहाचं ऊन

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या अंगणात रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी शिट्टी वाजते. वॉचमन नाही, कचऱ्याची गाडी नाही. दळवी काका. ऊन आलं म्हणून शिट्टी!

अंगण म्हणजे तरी काय, नौपाड्यातल्या दोन बिल्डिंगांच्या पाठी एकमेकींकडे आहेत, त्यांच्यामध्ये उरलेली बोळवजा जागा. बारा महिने ओल, शेवाळं, आणि दिवसाकाठी जेमतेम चाळीस मिनिटं ऊन. तेही चटईएवढं. अशा जागी कुणी शहाणा माणूस वांगी लावेल? काकांनी लावली. तेलाच्या सात डब्यांत.

काका खोपटच्या बस डेपोतून कंट्रोलर म्हणून रिटायर झाले. म्हणजे डेपोच्या मते झाले, त्यांच्या मते ते अजून ड्युटीवरच आहेत. शिट्टी मारायची, भिंतीलगतचा एकेक डबा उचलून उन्हात न्यायचा, आणि वर पुकारा करायचा, "चला, फलाटाला लागली! मागचे पुढे या!" एका झाडाची सावली दुसऱ्यावर पडली की त्याला दम, "सरकून घे की रे जरा, लांबचा प्रवास आहे." बारा पन्नासला दुसरी शिट्टी, की सगळी वांगी परत भिंतीला.

मी एकदा न राहवून म्हटलंच, "काका, कशाला जिवाचा आटापिटा? सावलीत अळू लावा, पुदिना लावा. मुकाट्याने येईल."

"अळू गटारावरपण येतो, वहिनी. मला वांगं पाहिजे. एक निघालं तरी बास."

हे एक वांगं कुणासाठी, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. काकू खडवलीच्या शेतकऱ्याची लेक. उन्हाळ्यात बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. वॉकर धरून घरातल्या घरात फिरायच्या, पण जेवणावरचं मन उडालेलं. एक दिवस भरताचा घास बाजूला सारत त्या बोलून गेल्या, "बाजारच्या वांग्याला चव कसली? नुसता कापूस. आमच्याकडे परसातलं तोडायचं आणि लगेच चुलीत घालायचं." त्या विसरूनही गेल्या. काका दुसऱ्या दिवशी मातीची गोणी खांद्यावर घेऊन दारात उभे.

दसऱ्याला काकांनी उन्हाचं टाइमटेबल काढलं. फरशीवर खडूने चौकट आखली आणि नोटीस बोर्डावर कागद लावला: 'ऊन. आगमन १२.१०, प्रस्थान १२.५०. चौकटीत वाहने उभी करू नयेत.' पंधरा दिवसांत ऊन चौकटीबाहेर! सातही डबे नियमाप्रमाणे चौकटीत, सावलीत, आणि ऊन दोन हात पलीकडे मोकळ्या फरशीवर. काका मात्र घड्याळ बघत जागचे हलेनात. "लेट आहे. येईल."

वरच्या खिडकीतून काकू ओरडल्या, "अहो, सूर्य दक्षिणेला निघालाय, ऊन सरकणारच! तो काय तुमच्या डेपोतून सुटतो?"

काकांनी चौकट पुसून नवी आखली. मग आणखी एक. असं करत करत मार्गशीर्षात ती चौकट थेट माझ्या वाळवणाच्या दोरीखाली आली, आणि आमचं वाजलं. माझ्या गोधड्या घडी घालून जिन्यावर ठेवलेल्या! माझा पाराच चढला. "ऊन काय तुमच्या नावावर आहे का हो?"

एरवी दोन नियम ऐकवले असते त्यांनी. त्या दिवशी हात जोडले. "एक फूल आलंय, वहिनी. आठ दिवस द्या."

दिले. काय करणार? पण ते फूल चौथ्या दिवशी गळलं. दोन दिवस शिट्टी वाजली नाही, आणि खोटं कशाला बोलू, मलाच करमेना. पुढे दुसरं फूल आलं आणि त्याला फळ धरलं. सुपारीएवढं. काका ते दाखवायला एकेकाला खाली घेऊन गेले, हात न लावण्याच्या अटीवर.

आणि परवा बारा दहा झाले तरी शिट्टी नाही. वाकून बघते तर ऊन आलेलं, चौकट रिकामी, डबे भिंतीलाच. म्हटलं, कंटाळले वाटतं. मी गोधडी उचलली आणि धावले. पहिल्या मजल्याच्या वळणावर काका. काकूंचा एक हात त्यांच्या खांद्यावर, दुसरा कठड्यावर. काका घामाने निथळलेले.

"डॉक्टर म्हणाले, रोज ऊन घ्या अंगावर. साडेअकराला निघालोय. जरा हात लावता का, वहिनी?"

गोधडी तिथेच टाकली. आम्ही दोघांनी मिळून काकूंना खाली आणलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीने सगळं ऊन व्यापलं. एक डबासुद्धा मावेना.

"काका, वांगी?"

"राहू दे गं." आजवर कधी मला अगं-तुगं केलं नव्हतं त्यांनी. डब्यांकडे पाठ करून म्हणाले, "वांगी काय, बाजारात मिळतात."

त्या सुपारीएवढ्या फळासाठी हा माणूस तीन महिने सगळ्या बिल्डिंगशी भांडला होता.

काकूंनी तोंडावर घेतलेलं ऊन सोडून मान वळवली. "अहो, ते फळ धरलेलं झाड आणा इकडे. ठेवा माझ्या मांडीवर."

"वेडी आहेस का? पाय दुखेल."

"ऑपरेशन डाव्याचं झालंय. उजवा रिकामाच आहे."

काकांनी वर्तमानपत्र पसरलं, डबा काकूंच्या उजव्या मांडीवर टेकवला, आणि वजन पायावर येऊ नये म्हणून खाली उकिडवे बसून दोन्ही हातांनी तो तळातून उचलून धरला. त्यांचे स्वतःचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे. काकू एका बोटाने पानावरची धूळ पुसत होत्या.

बारा पन्नासला ऊन भिंतीवर चढलं आणि गेलं. काकांनी डबा धरलेलाच होता.

"हात दुखले असतील. जाऊ या का वर?" काकूंनी विचारलं.

काकांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. "छे गं," ते म्हणाले, "बस अजून जरा."