टेंबेकाकांची पोचपावती

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले टेंबेकाका रोज सकाळी सव्वासातला दाराला दोनदा कुलूप लावतात, एकदा ओढून बघतात आणि बंद दाराला म्हणतात, "येतो."

आत कुणी नसतं. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, ड्युसेलडॉर्फमधल्या आमच्या चार मजली इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. "येतो" म्हणून झाल्यावर ते दोन सेकंद थांबतात आणि मगच जिना उतरतात. गेल्या ऑक्टोबरात हे सुरू झालं तेव्हा मी न राहवून विचारलं, "काका, कुणाला सांगता?"

"पहिली गोष्ट, मी काका नाही, चोपन्न वर्षांचा आहे. दुसरी गोष्ट, आल्झो, म्हणजे मुद्दा असा, की घरातून निघताना माणसाने येतो म्हणायचं असतं. ऐकायला कोण आहे, तो वेगळा विभाग."

ते एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पंचवीस वर्षं दाव्यांचे कागद हाताळल्यामुळे पुराव्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नाही. जर्मन माणसाला कागद प्रिय असतो असं आपण म्हणतो, पण टेंबेकाकांपुढे जर्मन माणूस भोळा आहे. घरमालकाने नळ दुरुस्त करून दिला तर ते त्याचे आभार रजिस्टर्ड पत्राने मानतात. माझ्या नवऱ्याने एकदा त्यांचं ड्रिल मशीन परत केलं, तर काकांनी त्याला लिहून दिलं, "ड्रिल मशीन, एक नग, सुस्थितीत मिळाले." इथे रजिस्टर्ड पत्राला आइनश्रायबन म्हणतात. वेगळे पैसे भरले तर समोरच्याच्या सहीचं कार्ड परत मिळतं. काका ते पैसे न चुकता भरतात. "तोंडी गोष्टीला अर्थ नसतो, मीनल. पोचपावती हवी."

पण गेल्या ऑक्टोबरपासून त्यांनी सगळ्या शहराला "जातो" म्हणण्यापासून परावृत्त करायचं मनावर घेतलं. कुणी "चला, जातो" म्हटलं की काका भर रस्त्यात त्याचं मनगट धरतात. "जातो नाही, येतो. देवालासुद्धा आपण पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो, तुम्ही कोण लागून गेलात?" मराठी माणसांपर्यंत ठीक होतं. पण तळमजल्यावरच्या फ्राऊ ब्रांटलाही त्यांनी शिकवलं. बिचारी बाजाराची पिशवी घेऊन दारात उभी राहून "मी येते" म्हणाली, तेव्हा आतून तिच्या नवऱ्याने विचारलं, "पण तू तर चालली आहेस ना?"

ऑफिसातला किस्सा याहून वरचा. हेर व्हीलांड निवृत्त झाले, केक कापला गेला, भाषणं झाली. काकांनी त्यांना बाजूला घेऊन जर्मनमध्ये बजावलं, "निरोप घेऊ नका. परत येतो म्हणा." हेर व्हीलांड म्हणाले आणि मंगळवारी खरंच आले. कॉफी पिऊन गेले. अजून दर मंगळवारी येतात. त्यांना कसं थांबवायचं याचा नियम कंपनीत कुणाला सापडत नाहीये.

आता या गोष्टीत एक खून करणारा शाळकरी पोरगाही आहे. त्याचा या सगळ्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तो आहे.

काकांची मुलगी सई हायडेलबर्गला शिकायला गेली, तेव्हा तिच्या खोलीत एका जपानी मांगाचे, म्हणजे चित्रकथेचे, चौदा खंड राहिले. मांगाचं नाव लांबलचक आहे आणि मला ते आजतागायत धड म्हणता आलेलं नाही. गोष्ट एका अकरावीतल्या मुलाची. तो सुपारी घेऊन माणसं मारतो. तीनला शाळा सुटते, चारला तो एकाला उडवतो, साडेपाचला गणिताच्या क्लासला हजर. राहतो मावशीकडे, आणि मावशीला वाटतं पोरगा बॅडमिंटनला जातो.

मुलगी काय वाचते ते बघावं म्हणून काकांनी पहिला खंड उघडला आणि उलट्या बाजूने वाचला. जपानी पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं. तशी सूचना पुस्तकात ठळक छापलेली असते, पण ती काकांच्या मते नवशिक्यांसाठी होती. आठवड्याने मला म्हणाले, "उत्तम पुस्तक आहे गं. मेडिकलचा विद्यार्थी आहे. मेलेली माणसं पडलेली असतात, हा येतो, त्यांच्या अंगातली गोळी काढून बंदुकीत घालतो, माणसं उठून कामाला जातात."

मी त्यांना पुस्तक फिरवून दिलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा त्यांचा "बाळ" झाला. "बाळाने आज तिघांना उडवलं, पण वेळ बघ पोराची, एक मिनिट उशीर नाही!" आणि मग त्यांना ती ओळ सापडली. प्रत्येक खंडात खुनाला निघताना बाळ उंबऱ्यात बूट चढवतो आणि काहीतरी म्हणतो, मावशी स्वयंपाकघरातून उत्तर देते. जर्मन भाषांतरात बाळ म्हणतो "मी गेलो" आणि मावशी म्हणते "बाय". काकांना शंका आली. ते स्टेशनजवळच्या जपानी बेकरीत गेले, तिथल्या बाईंकडून एक मेलनपाव, म्हणजे गोड जपानी पाव, घेतला आणि मूळ शब्द विचारले.

आले ते जिन्यातच ओरडत. "मीनल! इत्ते किमास! बाळ इत्ते किमास म्हणतो! अर्थ काय माहितीये? जाऊन येतो! आणि मावशी म्हणते इत्ते राश्शाई, जाऊन ये! शब्दशः! आणि या जर्मन भाषांतरकाराने काय केलंय? पोर खुनाला निघालंय, आणि मी गेलो? बाय? अरे, माणूस गेला म्हणजे काय होतं, कळतं का यांना?"

प्रकाशकाला आइनश्रायबन गेलं. चौदा खंड, एकोणचाळीस चुका, दुरुस्तीसाठी चौदा दिवसांची मुदत. प्रकाशकाने वाचकाच्या प्रेमाबद्दल आभार मानून बाळाचं चित्र असलेली एक पुस्तकखूण पाठवली. काकांनी पुस्तकखूण मिळाल्याची पोचपावती पाठवली आणि मुदत वाढवून दिली.

मग त्यांनी आमच्या मराठी मंडळात व्याख्यान दिलं, "खुनी विद्यार्थी आणि मराठी संस्कृती". श्रोते पंधरा, त्यातले अकरा बटाटेवड्यांसाठी आलेले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अहो टेंबे, मुलांवर काय संस्कार होतील?" मुलं मागच्या रांगेत बसून मोबाइलवर तोच मांगा वाचत होती. एकाने मान वर करून काकांना जर्मनमध्ये सांगितलं, की उल्लेख केलेला खून सहाव्या नव्हे तर सातव्या खंडात आहे. काकांनी नोंद घेतली.

इथपर्यंत मी हसत होते. पुढचं सांगायचं तर मला एक कबुली द्यावी लागेल. ऑक्टोबरात सई निघाली त्या सकाळी मी माझ्या दाराच्या भिंगातून बघत होते.

टेंबेवहिनी आम्ही इथे राहायला यायच्या आधीच गेल्या. सई तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्यानंतर बापलेक शेजारी शेजारी राहिल्यासारखे राहिले. बाप मराठीत विचारायचा, मुलगी जर्मनमध्ये उत्तर द्यायची. त्या सकाळी पाठीला बॅग लावून ती म्हणाली, "च्युस, पापा." म्हणजे बाय. काका म्हणाले, "येते म्हण." ती म्हणाली, ही अंधश्रद्धा आहे. जर्मनमध्येच म्हणाली. काका म्हणाले, "आई असती तर म्हणाली असतीस."

सई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. मग वळून, चार वर्षांत मी तिच्या तोंडून न ऐकलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "जाते."

ती त्यानंतर घरी आली नाही. नाताळात परीक्षा होती, ईस्टरला प्रोजेक्ट होतं. आणि काका दुसऱ्या दिवसापासून बंद दाराला "येतो" म्हणायला लागले.

जूनमध्ये त्या मांगाचा सिनेमा आला. जपानी भाषेत, खाली जर्मन अक्षरं, आणि आमच्या इथे रविवारी दुपारचा एकच खेळ. काकांनी आधीच सगळी माहिती काढली होती. सिनेमावाल्यांनी मावशीचं पात्रच कापून टाकलं होतं. बाळ एकटाच राहतो. "मावशी काढली! उद्या म्हणतील गणपतीतून गणपती काढा!" त्याचंही आइनश्रायबन गेलं होतंच. तरी त्यांनी तिकिटं काढली. माझा नवरा यायला तयार नव्हता, म्हणून मी गेले.

सिनेमागृहात सगळी पोरं विशीतली, निम्मी बाळासारखा शाळेचा गणवेश घालून आलेली. काकांच्या हातात त्यांचा हिवाळ्याचा जाड कोट होता. बाहेर अठ्ठावीस डिग्री.

"काका, कोट कशाला?"

"जागा धरायला." त्यांनी कोट पलीकडच्या खुर्चीवर नीट पसरला.

"कुणासाठी?"

"तो वेगळा विभाग."

मग त्यांनी खिशातून एक कार्ड काढून मला दाखवलं. सईला त्यांनी तिकीट रजिस्टरने पाठवलं होतं. कार्डावर तिची सही होती. कार्डाच्या कडा मऊ पडल्या होत्या, म्हणजे ते बरेच दिवस हाताळलं गेलं असावं.

"मग येते म्हणाली का?"

"पोचल्याची पावती आहे. येण्याची पावती पोस्ट देत नाही." ते दाराकडे बघत म्हणाले. दिवे गेले तरी दाराकडेच बघत होते.

सिनेमा सुरू झाला. बाळाने चाळीस मिनिटांत नऊ माणसं मारली आणि काकांनी एकदाही घड्याळाचं कौतुक केलं नाही. मग ते दृश्य आलं. बाळ उंबऱ्यात बूट चढवतो, रिकाम्या घराकडे वळतो आणि म्हणतो, "इत्ते किमास." कॅमेरा आत जातो. ओटा रिकामा, खुर्ची रिकामी. कुणीच बोलत नाही.

एक सेकंद गेला, दोन गेले, आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "अरे ये रे बाळा! सांभाळून ये!"

सगळं थिएटर वळलं. कुणी हसलं, कुणी "श्श" केलं. मला खुर्चीखाली जावंसं वाटत होतं. तेवढ्यात मागून, दाराजवळून, दबक्या संतापाने कुणीतरी म्हणालं, "पापा! हळू!"

सई पाठीला बॅग लावून अंधारात उभी होती. तिची गाडी उशिरा आली होती.

काकांनी कोट उचलला. उरलेला सिनेमाभर तो जाड कोट मांडीवर घेऊन घाम पुसत बसले होते. पडद्यावर काय झालं ते त्यांना विचारू नका, सांगता येणार नाही.

नंतर आम्ही जपानी बेकरीत गेलो. सईने जर्मनमध्ये सिनेमाची पिसं काढली. मावशीशिवाय गोष्टीत उरलं काय, ती म्हणाली. काकांनी टेबलावर हात मारला, "गेनाऊ! अगदी बरोबर! हेच मी त्यांना लिहिलंय!" अर्धा तास दोघं एकमेकांचं बोलणं तोडून बोलत होते, ते मराठीत, ती जर्मनमध्ये, आणि मी दुसरा मेलनपाव खात होते. मग काका म्हणाले, "तुझे चौदा खंड राहिलेत घरी. विसरलीस."

सईने कप फिरवला. "विसरले नव्हते," ती जर्मनमध्येच म्हणाली. "ठेवून गेले होते. मावशी अगदी आईसारखी ओरडते ना स्वयंपाकघरातून. मला वाटलं, तुम्ही वाचाल."

मी हातातला पाव खाली ठेवला. काकांनी एवढंच विचारलं, "पाणी हवंय का कुणाला?"

साडेसहाची गाडी होती. फलाटावर काका हात मागे बांधून वेळापत्रकाचा बोर्ड वाचत राहिले. जगाला मनगट धरून शिकवणाऱ्या या माणसाने ओठ घट्ट मिटले होते. आज ते काही बोलणार नव्हते. एकदा बोलून आठ महिने गेले होते.

सई डब्याच्या दारात चढली. माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे, आणि पाठ केलेलं म्हणून टाकावं तशी भरभर म्हणाली, "इत्ते किमास, पापा."

थिएटर हादरवणारे टेंबेकाका तोंड उघडून उभे राहिले. "काका, उत्तर द्या!" मी त्यांना ढोसलं. दार बंद झालं. शेवटचा डबा गेल्यावर त्यांनी हात वर केला.

ट्रॅममध्ये त्यांच्या फोनवर सईचा मेसेज आला. जर्मनमध्ये दोनच शब्द: उत्तर राहिलं.

"पाठवा ना आत्ताच," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, उघडपणे पुसले. "असलं फोनवर नाही चालत गं."

सोमवारी सकाळी सव्वासातला माझी बेल वाजली. काका दारात, हातात कागद. "शुद्धलेखन बघून दे." कागदावर वर डावीकडे त्यांचा पत्ता, उजवीकडे तारीख. खाली, "संदर्भ: आपले रविवारचे फलाटावरील वाक्य." मग बरीच कोरी जागा, आणि मधोमध एकच अक्षर: "ये." त्याखाली सही.

"चूक नाही काका," मी म्हटलं. "रजिस्टर करणार?"

"पोचपावतीसकट."

त्यांनी कागद पाकिटात घातला, दाराला दोनदा कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं आणि बंद दाराला म्हणाले, "येतो." नेहमीसारखे दोन सेकंद थांबले.

मी माझ्या उंबऱ्यातून म्हटलं, "या, काका."

ते वळले नाहीत. पाकीट छातीशी धरून तसेच पाठमोरे उभे राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"पोचलं," म्हणाले आणि जिना उतरायला लागले.