तपासबाईंचे भोंगे

बादल्यांच्या कारखान्यात त्या दिवशी सकाळचा भोंगा वाजलाच नाही. कामगार वेळेवर आले होते, पण भोंगा नाही म्हणजे पाळी सुरू नाही, असा सोयीचा अर्थ काढून फाटकाशी गप्पा छाटत उभे राहिले. मॅनेजरसाहेब त्यांना आत पिटाळून तरातरा संगणक विभागात आले. विभाग म्हणजे मागच्या बाजूची एक खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि तपासबाई.

तपासबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कारखान्याने ठेवलेलं. कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय वापरायची नाही, हा बाईंचा खाक्या. घरी नवं पातेलं आणलं तर ते आधी रात्रभर पाण्याने भरून ठेवायचं. गळलं नाही, तरच त्यात दूध. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगत, "आमची सून साखरसुद्धा चाखून डब्यात भरते. आणि बरोबरच आहे तिचं. एकदा मीठ निघालं होतं!" इतर घरांतल्या सुनांना असलं प्रशस्तिपत्रक जन्मात मिळत नाही, आणि बाईंना त्याचा रास्त अभिमान होता.

"भोंग्याला काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"जुना संगणक काल गेला साहेब. भोंग्याचा प्रोग्रॅम त्याच्यावर होता. नव्यावर नवा घालावा लागेल."

"मग घाला की!"

"आपल्या यंत्रासाठी तयार मिळत नाही तो. मूळ कोड आणून इथेच बांधायचा. तयार कपडा न घेता कापड आणून शिवावं ना, तसं."

"शिवा, विणा, काय वाट्टेल ते करा," साहेब खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, दोन वाजता बाहेरच्या कंपनीची माणसं येतायत. संगणकाचं सगळं काम त्यांच्याकडे देऊन टाकावं, असं मोठ्या मालकांच्या मनात आहे. ते आले आणि भोंगा मुका असला, तर मी तुमची बाजू कुठल्या तोंडाने घेऊ?"

ही खोली बाईंना मिळाली तेव्हा इथे फुटक्या बादल्या ठेवत असत. एकेक तार त्यांनी स्वतः ओढून घेतली होती. ती आता कोणा परक्याच्या हाती जाणार म्हणजे पोटचं पोर दत्तक देण्यासारखंच होतं. त्या पदर खोचून कामाला लागल्या.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रोग्रॅम बांधून तयार झाला. साहेब दर थोड्या वेळाने डोकावत होतेच. "झालं? घाला मग."

"आता चाचण्या. प्रोग्रॅमबरोबरच येतात त्या. त्या चालवायच्या, सगळ्या पास झाल्या की मगच घालायचा."

साहेबांनी पडद्यावरची सूचना वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, इथे लिहिलंय, चाचण्या ऐच्छिक आहेत!"

"ऐच्छिक आहेत ना? मग माझी इच्छा आहे."

साहेब कपाळाला हात लावून गेले. इथवर बाईंचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे, आणि तेही जास्तीच्या काळजीपोटी. त्या चाचण्या एका खोट्या भोंग्यावर चालत. म्हणजे प्रोग्रॅमने हुकूम सोडायचा आणि प्रोग्रॅमनेच "वाजला बरं का" म्हणायचं. बाईंना हे पटेना. नवऱ्या मुलाला सोडून त्याच्या फोटोशी बोलणी करण्यातलाच हा प्रकार. त्यांनी खोट्या भोंग्याच्या जागी कारखान्याचे खरे भोंगे जोडले. अर्थात कारखाना दणाणू नये म्हणून वायरमनमामांना बोलावलं.

"मामा, आवाजाचा मुख्य स्विच बंद करून या. म्हणजे भोंगे मुके राहतील, पण हुकूम पोचल्याची पोच तेवढी देतील."

"आत्ता करतो," म्हणून मामा गेले, स्विच बंद केला आणि डबा खायला बसले. सगळं तपासणाऱ्या बाईंनी एकच गोष्ट तपासली नाही. स्विच बंद केलेला बंदच राहतो, असं त्या धरून चालल्या.

मॅनेजरसाहेब काळजीने फेऱ्या मारत होते. फिरताफिरता त्यांना बंद स्विच दिसला. "बघा! कुणाचं लक्ष नाही! पाहुणे यायच्या वेळेला मुख्य स्विच बंद!" असं स्वतःशीच बोलत त्यांनी तो खाडकन चालू केला आणि आपल्या नजरेतून काही सुटत नाही, या समाधानात ते पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे गेले.

इकडे बाईंनी खोलीचं दार लावलं आणि चाचण्या सोडल्या. पडद्यावर एकामागून एक हिरव्या ओळी उमटू लागल्या. पाळी सुरू: पास. चहाची सुट्टी: पास. सुट्टी संपली: पास. बाई तृप्त मनाने बघत होत्या. पंखा कुरकुरत होता, भिंतीपलीकडे साचे धडधडत होते, त्यामुळे बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं.

बाहेर हाहाकार उडाला होता. जेवून नुकतेच मशीनवर बसलेले कामगार भोंगा झाला म्हणून चहाला गेले. कँटीनवाल्याने हबकून आधण ठेवलं. ते उकळायच्या आत दुसरा भोंगा झाला आणि सगळे रिकाम्या हाताने परतले. मशीनवर हात ठेवतात तोच पाळी सुटल्याचा भोंगा! असल्या भोंग्याला कोणी शंका विचारत नाही. सगळे पिशव्या घेऊन फाटकाकडे सुटले, तेवढ्यात पाळी सुरू झाल्याचा भोंगा झाला आणि अख्खी गर्दी शिव्या घालत मागे फिरली. नेमके त्या गर्दीतून वाट काढत मॅनेजरसाहेब बाहेरच्या कंपनीच्या दोन टायवाल्या साहेबांना आत आणत होते.

"इथे पाळी किती तासांची असते?" एका टायवाल्याने विचारलं.

मॅनेजरसाहेब धावत सुटले, पाठोपाठ टायवाले, वाटेत वायरमनमामा. सगळी वरात संगणक विभागाच्या दारावर आदळली.

"बाई, बंद करा! सगळे भोंगे बोंबलतायत!"

"शक्यच नाही. मामांनी स्विच बंद केलाय."

"केलाय की! स्वतःच्या हाताने!" मामा म्हणाले.

मग सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. "मला वाटलं... म्हणजे पाहुणे येणार म्हणून... बरं ते जाऊ द्या, आधी बंद करा!"

"थोड्याच राहिल्यात साहेब. आता थांबवलं तर सगळं पहिल्यापासून."

हे वाक्य संपतं न संपतं तोच धोक्याचा भोंगा झाला. तो झाला की सगळं सोडून अंगणात जमायचं, हा नियम. या वेळी मात्र कोणी शिव्या घातल्या नाहीत. साचे थांबले आणि बघता बघता सगळा कारखाना अंगणात येऊन उभा राहिला, टायवाल्यांसकट. बाई मात्र खोलीतच होत्या, कारण पडद्यावर पहिल्यांदाच लाल ओळ उमटली होती.

बाई बाहेर आल्या. "एक चाचणी नापास. पॅकिंग विभागाच्या भोंग्याची पोच येत नाही."

"एकच ना?" साहेब कुजबुजले. "पाहुण्यांसमोर कशाला? सगळं पास म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा."

बाईंनी अंगणावर नजर फिरवली. त्यांचा आवाज एकदम चढला. "साहेब, पॅकिंगचं एक तरी माणूस दिसतंय का इथे?"

एकही नव्हतं. पॅकिंग म्हणजे पुठ्ठा, कागद आणि भुसा. आग लागलीच तर पहिली तिथे लागायची. मग वरात तिकडे वळली.

पॅकिंगमध्ये सगळं शांत होतं. वीस-पंचवीस बायका खोकी बांधत होत्या. भोंग्याची तार नीट कापून तिला चिकटपट्टी लावलेली होती, भोंगा खाली उतरवून कोपऱ्यात पालथा घातला होता आणि त्याच्या खिळ्याला चहाची किटली टांगली होती. पॅकिंगच्या प्रमुख काकू किटलीच्या आड उभ्या राहायचा प्रयत्न करत होत्या, पण त्यांचा देह किटलीमागे मावणारा नव्हता.

"काकू, हे काय?"

"अहो बाई, डोक्यावर केवढ्याने वाजायचा मेला! दचकून हातातली खोकी पडायची. म्हणून एकदा आम्हीच..." काकू अडखळल्या. "इतकी वर्षं कुणाची तक्रार होती का? घड्याळ बघून चहा, घड्याळ बघून घरी."

"आणि आग लागली तर? तीपण घड्याळ बघून लागणार का?"

काकूंनी एकदा आपल्या पोरींकडे पाहिलं, एकदा त्या पुठ्ठ्यांच्या ढिगाकडे, आणि मुकाट्याने किटली उतरवली.

थोरला टायवाला इतका वेळ टाचा उंचावून बघत होता. साहेबांनी एकदम त्याला गाठलं. "काय हो, हे काम तुमच्याकडे असतं तर?"

"आम्ही तासाभरात प्रोग्रॅम घालून दिला असता."

"आणि चाचण्या?"

टायवाला प्रामाणिक निघाला. "नाही. चाचण्यांत कोण वेळ घालवतो?"

"आमच्या बाई घालवतात!" साहेब असे गरजले, जणू सकाळपासून चाचण्यांचा आग्रह तेच धरत होते. "मालकांना मी सांगतो काय सांगायचं ते. तुम्ही बसा, चहा घ्या. आमच्याकडे अजून चाचण्या चालू आहेत. बाई, पुन्हा पहिल्यापासून होऊन जाऊ द्या!"

मामांनी तार जोडली, भोंगा जागेवर चढला, आणि सगळा कारखाना पुन्हा चहाला गेला, परत आला, घरी निघाला, परत आला. या वेळी धोक्याच्या भोंग्याला काकूंची पलटण सगळ्यांच्या आधी अंगणात हजर झाली. पडद्यावर लाल ओळ एकही नव्हती. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. बाईंनी मान खाली घातली, पण त्यांना हसू लपवता आलं नाही. प्रोग्रॅम घातला गेला. टायवाले आपापला टाय सैल करत निघून गेले.

संध्याकाळी नव्या प्रोग्रॅमने अगदी ठरल्या वेळेला, कोणी न सांगता, पाळी सुटल्याचा भोंगा वाजवला. कारखान्यातलं एक माणूस जागचं हललं नाही. "चाचणी असेल," म्हणत सगळे काम करत राहिले. मॅनेजरसाहेबही कौतुकाने मान डोलावत फायली चाळत बसले. एकट्या पॅकिंगच्या बायका शिस्तीत रांगेने फाटकाबाहेर पडल्या.

बाई आपली खोली बंद करून निघाल्या, आणि निघता निघता एकेका दारात थांबून त्यांना सांगावं लागलं, "घरी जा हो आता. हा खरा होता."